तीन पाळ्यांच्या शहरात मुलांची झोप

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी एका कार्यक्रमात मुलांच्या झोपेचा विषय काढला. घरातली मोठी माणसे उशिरापर्यंत जागी असतात, त्यांच्याबरोबर मुलेही जागतात आणि सकाळच्या शाळेसाठी त्यांना अर्धवट झोपेतून उठवावे लागते. तेव्हा शाळांच्या वेळांचा विचार व्हावा, असे त्यांनी सुचवले. दोनच महिन्यांत, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी, शासन निर्णय निघाला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ पासून सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे त्यात म्हटले होते. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा, स्कूलबसवाले आणि नोकरदार पालक यांनी आपापल्या अडचणी मांडल्या. काही शाळांनी वेळ बदलली, काहींनी बदलली नाही आणि चर्चा थांबली.

निर्णय चांगलाच होता. मात्र ज्या मुलांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे, ती त्याच्या कक्षेबाहेर राहिली. सहा-सात वर्षांचे मूल रात्री नऊला झोपवले तर झोपते आणि सहाला उठवले तर फारशी कुरकुर न करता उठते. खरी ओढाताण होते ती आठवीपासून बारावीपर्यंतच्या मुलांची.

वयात येताना शरीरातले घड्याळ पुढे सरकते. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरू लागते आणि झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळते. किशोरवयात हे पाझरणे एक ते दोन तास उशिरा सुरू होते. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला साडेनऊला अंथरुणावर टाकले तरी तो छताकडे बघत पडून राहतो. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. याच वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये नमूद केले आहे. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास लागतात.

आता साधा हिशेब करून बघा. शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज सातचे असेल तर साडेपाचला उठावे लागते. आठ तास झोप हवी असेल तर रात्री साडेनऊला डोळा लागला पाहिजे. पण क्लास सुटतो साडेआठ-नऊला, जेवायला दहा वाजतात, गृहपाठ त्यानंतर. मुलाने मोबाईलला हातही लावला नाही, तरी हा हिशेब जुळत नाही.

शहराचे घड्याळ

पिंपरी-चिंचवडमध्ये हा हिशेब आणखी बिघडतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, साठच्या दशकात मोटारींचे कारखाने आले, १९८२ मध्ये महापालिका झाली आणि पुढे चाकण, महाळुंगे, निघोजेपर्यंत कारखाने पसरले. हे सारे शहर भोंग्यावर वाढले. आता भोंगे थांबले असले तरी पाळ्या चालूच आहेत. लाखो घरांत एक तरी माणूस फर्स्ट, सेकंड, नाईट अशा चक्रात फिरतो आणि त्याच्याबरोबर घरही फिरते.

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात वडील रात्री साडेबारा-एकला येतात. बेल वाजते, दिवा लागतो, भाजी गरम होते. एका खोलीच्या किंवा वन आरकेच्या घरात दहावीचा मुलगा त्याच दिव्याखाली झोपलेला असतो. नाईटच्या आठवड्यात उलटे होते. मुलगी दुपारी शाळेतून येते तेव्हा वडील झोपलेले असतात. मोठ्याने वाचायचे नाही, भांडी वाजवायची नाहीत. अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शाळेची रविवारी. सगळे घर एकाच दिवशी निवांत झोपले आहे, असे कित्येक घरांत महिनोन्‌महिने घडत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. ज्या गल्लीत पाण्याची वेळ पहाटेची, तिथे भरायला उठणाऱ्यांत मुलीही असतात. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. कामाचा दिवस लांबला की त्याचा ताण घरातल्या शिकणाऱ्या मुलांपर्यंत पोचतो, हे त्या निर्णयाच्या चर्चेत फारसे कुणी बोलले नाही.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत ही मुले झोपेची तक्रार घेऊन येत नाहीत. डोके दुखते, उभे राहिले की चक्कर येते, पोटात जळजळते, वाचलेले लक्षात राहत नाही, अशा तक्रारी असतात. पालकांना बुद्धीचे टॉनिक हवे असते किंवा ‘एकदा डोक्याचा फोटो काढून घ्या’ असा आग्रह असतो. तपासणीत अनेकदा दोन गोष्टी सापडतात. मुलींमध्ये रक्त कमी असते आणि बहुतेकांच्या झोपेचे तास पाच-सहाच्या वर जात नाहीत. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या देता येतात. झोप चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

झोपेत अभ्यास पक्का होतो

झोप म्हणजे अभ्यासातून वाया गेलेला वेळ, अशी आपली समजूत आहे. १९२४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख या संशोधकांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करायला लावल्या. कधी पाठांतरानंतर ते झोपत, कधी जागे राहत. तेवढेच तास उलटल्यावर विचारले असता, झोप घेतल्यानंतर त्यांना कितीतरी जास्त आठवत असे. प्रयोग लहान होता, पण गेल्या शंभर वर्षांच्या संशोधनाने त्याला बळ दिले आहे. दिवसभर शिकलेले आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरते साठते. रात्रीच्या गाढ झोपेत मेंदू ते पुन्हा उजळवतो आणि मेंदूच्या बाह्यस्तरात कायमचे बसवू लागतो. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप जास्त असते आणि उत्तरार्धात स्वप्नांची. दोन्ही टप्पे कामाचे आहेत. म्हणून झोपेचे शेवटचे दोन तास कापले तर ‘थोडीशीच’ झोप गेली असे होत नाही, एका टप्प्याचा मोठा भाग जातो.

२०१९ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत रसायनशास्त्राच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या मनगटावर झोप मोजणारे पट्टे बांधले होते. पूर्ण सत्रभर ज्यांची झोप पुरेशी आणि नियमित होती, त्यांचे गुण चांगले होते. परीक्षेच्या फक्त आदल्या रात्री किती झोप झाली, याचा गुणांशी संबंध दिसला नाही. म्हणजे वर्षभर जागायचे आणि पेपरच्या आदल्या रात्री ‘आज लवकर झोप’ म्हणायचे, हे फारसे उपयोगाचे नाही.

आणखी एक प्रयोग पालकांनी लक्षात ठेवावा. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. त्यांचे लक्ष आणि स्मरण हळूहळू घसरत गेले आणि शेवटी एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतके खाली आले. गंमत अशी, की आपण इतके मंदावलो आहोत हे त्यांना स्वतःला जाणवतच नव्हते. ‘मला पाच तास पुरतात’ असे एखादा मुलगा छातीठोकपणे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच कळत नसते.

पहाट की रात्र?

पहाटेचा अभ्यास चांगला की रात्रीचा, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. रात्री नऊला झोपून पहाटे पाचला उठणाऱ्याला पहाट लाभते. बाराला झोपून चारचा गजर लावणाऱ्याची चार तासांची झोप आणि पुढचा सगळा दिवस जातो. उठण्याची वेळ ठरवण्याआधी झोपण्याची वेळ ठरवावी, एवढेच याचे उत्तर आहे.

दहावी-बारावीचा सकाळच्या सत्रातला पेपर अकराला सुरू होतो. ‘नीट’ची परीक्षा तर दुपारी असते. डोके तल्लख हवे ते अकरा ते दोन किंवा दुपारी दोननंतर. परीक्षेच्या महिनाभर आधीपासून रात्री तीनपर्यंत जागणारा विद्यार्थी नेमक्या त्या वेळी पेंगण्याची सवय शरीराला लावत असतो. सरावाच्या प्रश्नपत्रिका शक्यतो त्याच वेळेत सोडवाव्यात.

उशिरापर्यंत जागावे लागते याचे एक कारण अभ्यासाच्या पद्धतीतही आहे. धडा चार वेळा वाचणे, ओळींखाली पिवळी रेघ ओढणे, गाईडमधून वहीत उतरवणे यात तास जातात आणि हाती थोडे लागते. २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. पुन्हा पुन्हा वाचणे आणि रेघा मारणे तळाशी राहिले. स्वतःची परीक्षा घेणे आणि तोच भाग काही दिवसांच्या अंतराने पुन्हा हाताळणे, या दोन पद्धती वर आल्या. आयटीआयच्या फिटरच्या विद्यार्थ्याने व्हर्निअर कॅलिपरचे पान तीनदा वाचण्याऐवजी एकदा वाचावे, पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आकृती काढावी, लघुतम माप कसे काढायचे ते लिहावे, मग पुस्तक उघडून चुका बघाव्यात. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. सुरुवातीला हे जड जाते, कारण काय येत नाही ते उघडे पडते. पण असे केलेले टिकते आणि वाचलेला तास झोपेच्या खात्यात जमा होतो.

शिकता शिकता कमावणारे

या पट्ट्यात विद्यार्थ्यांचा आणखी एक मोठा वर्ग आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली अठरा-वीस वर्षांची मुले-मुली खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडीत एका खोलीत पाच-सहा जण राहतात, कॉट बेसिसवर झोपतात, मेसवर जेवतात. कारखान्यात शिकाऊ म्हणून काम करायचे आणि बाकीच्या वेळात पदविका, मुक्त विद्यापीठाची पदवी किंवा पोलीस भरतीची तयारी करायची. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. एवढ्या पैशांत घरी पाठवायचे, खायचे आणि फी भरायची, तर ओव्हरटाईम नाकारणे कुणाला परवडणार?

त्यांना ‘आठ तास झोपा’ एवढेच सांगणे म्हणजे जखमेवर मीठ आहे. तरी धोका सांगायलाच हवा. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानुसार सतरा तास सलग जागलेल्या माणसाचा हात आणि डोळा यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या कायद्यात वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी दहाला उठलेला, दिवसा क्लास करून नाईटला गेलेला मुलगा पहाटे तीनला प्रेस मशीनसमोर उभा असतो, तेव्हा सतरा तास झालेले असतात. आणि पहाटे तीन ते पाच ही शरीराच्या घड्याळाचीही सर्वांत मंद वेळ आहे. मग तो सकाळी दुचाकीवरून पुणे-नाशिक रस्त्यावर अवजड ट्रेलरच्या गर्दीत शिरतो.

म्हणून या मुलांनी काही गोष्टी हट्टाने पाळाव्यात. नाईटला जाण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास झोपावे. नाईटवरून परतताना स्वतः गाडी न चालवता कंपनीच्या बसने यावे. खोलीवर आल्यावर मोबाईल न बघता थेट झोपावे, खिडकीला जाड पडदा किंवा जुनी चादर लावावी, डोळ्यांवर रुमाल बांधावा. पाळी बदलली तरी झोपेचे निदान तीन-चार तास रोज एकाच वेळेत येतील असे बघावे, म्हणजे शरीराचे घड्याळ पार भरकटत नाही. नाईटच्या आठवड्यात नवा भाग हाती न घेता जुन्याची उजळणी करावी. खोलीतल्या सगळ्यांच्या पाळ्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात आणि झोपलेल्याच्या वेळेत आवाज न करण्याचा नियम करावा.

घरात करता येण्यासारखे

पाळी बदलणे वडिलांच्या हातात नसते, पण दाराची दुसरी किल्ली खिशात ठेवणे असते. सेकंड शिफ्टचे ताट स्वयंपाकघरात झाकून ठेवावे आणि तिथलाच छोटा दिवा लावावा. टीव्ही दहाला बंद व्हावा, तोही सगळ्यांचा. मोबाईल रात्री मुलांच्या उशाशी नसावा. गजरासाठी साधे घड्याळ मिळते. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तासाभराहून जास्त लांबवू नये. दुपारी वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी चालते, चारनंतर नको. वडील दिवसा झोपलेले असतील तेव्हा मुलांनी अभ्यासिकेत किंवा जवळच्या ग्रंथालयात जावे. मैत्रिणीचे घर किंवा मंदिराचा सभामंडपही चालतो. ‘२४ तास उघडी’ अशी पाटी लावणाऱ्या अभ्यासिकेत रात्रभर बसणे मात्र टाळावे.

चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरात सुमारे पाच तास टिकतो. संध्याकाळी सहाला घेतलेली कडक कॉफी अकरालाही मेंदूत असते. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर, हे पेय मुलांसाठी नाही, असा इशारा छापणे नियमानेच बंधनकारक आहे. ते अक्षर बारीक असते आणि डबा शाळेजवळच्या टपरीवर मिळतो. शाळा-महाविद्यालयांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफिनच्या पेयांची विक्री रोखू, अशी घोषणा जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत झाली होती. आपल्या शाळेभोवतीच्या टपऱ्या पालकांनी एकदा डोळे उघडे ठेवून बघाव्यात. उपाशी शाळेत जाऊन मधल्या सुट्टीत वडापाव खाण्यापेक्षा सकाळी भाकरी-दूध, पोहे, उपमा किंवा शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी पोटात असावी. मुलींनी वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे; महापालिकेच्या दवाखान्यात ते होते.

काही लक्षणे मात्र घरी रेटू नयेत. मूल मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, आठ तास झोपूनही वर्गात झोपत असेल, तर तपासणी हवी. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास, चिडचिडे, कशातच रस नसलेले असेल, जेवण तुटले असेल, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतील १,७६४ एकट्या महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. या प्रत्येकामागे झोप हेच कारण असते असे मुळीच नाही. पण सततची अपुरी झोप मनाची सहनशक्ती कमी करते आणि मन खचू लागले की सर्वांत आधी झोपच बिघडते. म्हणून ‘झोप लागते का?’ हा प्रश्न शिक्षकांनीही विचारावा. झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिन मनाने आणून देऊ नये.

पुढे काय?

किशोरांच्या शाळा उशिरा सुरू केल्याने काय होते, हे अमेरिकेतील सिॲटल शहरात मोजले गेले. २०१६ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळा ७.५० ऐवजी ८.४५ ला भरू लागल्या. मुले तेवढीच उशिरा झोपू लागतील ही भीती खोटी ठरली. त्यांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली आणि अभ्यासलेल्या वर्गात गुणही साडेचार टक्क्यांनी वाढले. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२२ पासून अशा शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, असा कायदाच लागू झाला.

आपल्याकडे एकाच इमारतीत दोन सत्रे चालतात, रस्ते तुंबलेले असतात, मुलींना अंधार पडण्याआधी घरी पोचायचे असते. या अडचणी खऱ्या आहेत आणि सिॲटलचे वेळापत्रक उचलून चिखली-मोशीत चिकटवता येणार नाही. पण आठवी ते बारावीचा पहिला तास सातऐवजी आठला ठेवणे, पहाटेचे जादा तास बंद करणे, सराव परीक्षा सकाळी साडेसहाला न घेणे, एवढे शाळा आपल्या पातळीवर करू शकतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये खासगी क्लासेससाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, वर्ग फार पहाटे किंवा फार उशिरा नसावेत आणि दिवसाला पाच तासांहून जास्त नसावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. फी भरताना पालकांनी हे विचारले तर क्लासचालकांना उत्तर द्यावे लागेल. कंपन्यांनी शिकाऊ मुलांना परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नाईट लावू नये आणि पाळ्यांचा क्रम फर्स्ट, सेकंड, नाईट असा पुढे सरकणारा ठेवावा. उलट्या क्रमापेक्षा तो शरीराला सोपा जातो. यात फारसा खर्च नाही. महापालिकेने कामगार वस्त्यांत दुपारी आणि संध्याकाळी उघड्या, हवेशीर अभ्यासिका वाढवल्या तर नाईटच्या घरातल्या मुलांना बसायला जागा मिळेल.

पहिली सुरुवात घरातल्या वेळापत्रकापासून करता येईल. मुलांच्या टेबलासमोर चिकटवलेला तो कागद एकदा बघा. त्यात गणिताला तास असतो, इंग्रजीला असतो, क्लासला असतो. झोपेचा रकाना बहुधा नसतोच. उरेल तेवढी झोप, असे गृहीत धरलेले असते. तो कागद उलट्या बाजूने लिहायला घ्या. आधी झोपेचे आठ तास भरा आणि मग उरलेल्या सोळा तासांत शाळा, क्लास, घरकाम आणि अभ्यास बसवा. जे बसणार नाही, ते कमी करा. कमी काय करायचे, हे घराने मिळून ठरवावे, आणि झोप त्या यादीत नसावी.